आबाजी खरंच रणजी खेळले होते का? (नागपूरकरांनो, मदत करा)

तिसरी_स्लिप

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या घरात एक गोष्ट आहे, मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकून राहिलोय. आमचे आबाजी म्हणजे बाबांचे वडील, ते विदर्भाकडून रणजी खेळले आणि एका मॅचमध्ये त्यांनी चक्क सी. के. नायडूंना बोल्ड केलं. लग्नात, बारशात, एवढंच काय त्यांच्या स्वतःच्या तेरवीला सुद्धा ही गोष्ट निघाली होती. आबाजींना जाऊन आता चौदा वर्षं झाली, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नाही.

आता झालं असं की आजीला या मार्गशीर्षात नव्वद पूर्ण होतात, त्यासाठी आम्ही भावंडं फोटोंचं एक छोटं पुस्तक छापून घेतोय, त्यात आबाजींच्या पानावर चुलतभावानं लिहिलं 'रणजीपटू, विदर्भ'. परवा रविवारी महालातल्या जुन्या घरी सगळे जमलो होतो, तर्री पोहे सुरू होते, आणि त्याच चुलतभावाचा पोट्टा, वय तेरा, अकादमीत जातो, त्यानं मोबाइलवर विदर्भाच्या आजवरच्या सगळ्या रणजी प्लेयरांची यादी काढली आणि पोह्यावरचा चिवडा निवडून खात खात म्हणाला, "पणजोबांचं नाव नाही आहे यात."

झालं. मोठे बाबा (बाबांचे मोठे भाऊ) प्लेट ठेवून उठले ते थेट गाडी काढून मानेवाड्याला घरी. तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं येऊन राहिली.

हातात काय आहे ते सांगतो. आबाजींचा जन्म १९३३ चा. शाळा-कॉलेज नागपुरातच. १९५६ ला एजी ऑफिसात (अकाउंटंट जनरल, म्हणजे सरकारी हिशेबाचं ऑफिस) लागले, रिटायर होईपर्यंत तिथेच. ट्रंकेत एक गडद निळा ब्लेझर आहे, खिशावरचा बिल्ला कधीतरी उसवून काढलेला, आता तिथे फक्त टाक्यांच्या भोकांचा गोल दिसतो. आणि एक ग्रुप फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तेरा जण, आबाजी मागच्या रांगेत डावीकडून दुसरे. खाली छापील ओळ होती पण कसर लागून बरीचशी गेली.

कुठून सुरुवात करू? आणि हो, आडनाव सांगत नाही, विदर्भात पैशाला पासरी आहे, सांगून उपयोगही नाही.

तर्रीबाज

बाप्पा! विदर्भात असं घर दाखवा जिथं एखादा आबाजी रणजी खेळला नाही. माह्या आजोबानं तं हनुमान व्यायामशाळेत दारासिंगाला खाली पाडलं होतं म्हणे. दारासिंगाला हे कोणी सांगितलंच नाही, तो गेला बिचारा.

स्कोअरबुक

धागाकर्ते, वाईट बातमी आधी देतो. गोष्ट जशी सांगितलीय तशी ती होऊच शकत नाही, आणि हे कळायला कुठल्या यादीचीही गरज नाही.

विदर्भाची टीम रणजीत पहिल्यांदा उतरली १९५७-५८ च्या सीझनला. सी. के. रणजीत शेवटचे खेळले १९५६-५७ ला, तेही उत्तर प्रदेशकडून, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. म्हणजे विदर्भ मैदानात यायच्या आधीच सी. के. पॅड सोडून बसले होते. एकाच वाक्यात 'विदर्भ', 'रणजी' आणि 'सी. के.' तिन्ही बसत नाहीत, एकाला तरी खाली उतरावं लागेल.

मुळात सी. के. आपले असले तरी आपल्याकडून फार खेळलेच नाहीत. जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५, शिकले हिस्लॉप कॉलेजात, आणि १९२३ ला होळकरांनी बोलावलं म्हणून इंदूरला गेले ते तिकडचेच झाले. १९२६ ला इंग्लंडहून आलेल्या एमसीसीविरुद्ध मुंबईत ११ सिक्सर मारून १५३ केले तेव्हा ते इंदूरकर होते. १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या टेस्टचे कॅप्टन झाले तेव्हाही. आपण नुसतं 'नागपूरचे सी. के.' म्हणत बसलो.

तेव्हा प्रश्न असा की आबाजी नेमके कोणत्या वर्षांत खेळत होते? लग्न कधी झालं?

तिसरी_स्लिप

लग्न १९५८ ला, उन्हाळ्यात. आजीला काल संध्याकाळी विचारलं (नव्वदीचं पुस्तक सरप्राइज आहे म्हणून आडून आडून विचारावं लागतं). ती म्हणाली, "मी आले तेव्हा खेळणं संपलं होतं, मी त्यांना एकदाच बॅट धरलेली पाहिली, तीही उंदीर मारायला."

पुण्यातला_वऱ्हाडी

उंदीर 😂

स्कोअरबुक म्हणतात त्यात एक भर. लग्नाआधी म्हणजे साधारण ५१ ते ५६ हा काळ धरला तर तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं, नुसतं होतं नाही, राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा विदर्भ द्विभाषिक मुंबईत गेला. म्हणून त्या काळात नागपूरचा पोरगा रणजी खेळला असेल तर तो 'मध्य प्रदेश' या टीमच्या यादीत सापडेल, विदर्भाच्या नाही. त्याच्या आधी तीच टीम 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' नावानं होती. तुमच्या पुतण्यानं फक्त विदर्भाची यादी पाहिली असेल. आणि 'महाराष्ट्र' बघू नका, ती टीम आमच्या इकडची, पुण्याची, तिचा नागपूरशी तेव्हाही संबंध नव्हता आणि आत्ताही नाही.

स्कोअरबुक

बरोबर. आणि गंमत म्हणजे इंदूरवाल्यांची होळकर टीम तेव्हा वेगळी होती, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशच्या नकाशात तेव्हा रणजीच्या दोन टीमा खेळत. त्यातली होळकर दादा होती. १९४४-४५ च्या फायनलला मुंबईविरुद्ध होळकरच्या सी. एस. नायडूंनी एका मॅचमध्ये १५२.५ ओव्हर टाकल्या, ९१७ बॉल. ते सी. के. चे धाकटे भाऊ, जन्म यांचाही नागपूरचाच, १९१४ चा. घरी 'नायडू' एवढंच ऐकलं असेल तर ते कोणते नायडू हा प्रश्नही उरतोच, सी. एस. १९६० च्या आसपासपर्यंत खेळत होते.

यादी बघताना काही खड्डे आहेत. जुन्या स्कोअरकार्डावर पूर्ण नाव नसतं, आद्याक्षरं आणि आडनाव, आणि आद्याक्षरं बऱ्याचदा चुकलेली, कारण स्कोअरर कानानं ऐकून लिहायचा. आपल्याकडे स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव अशी दोन अक्षरं, त्यांची अदलाबदल तर हमखास. आडनावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी. दुसरं, बारावा खेळाडू कार्डावर येतच नाही. त्यानं बदली फील्डर म्हणून कॅच घेतला तरी तिथं नुसतं 'सब' लिहितात, नाव नाही. अख्खा रणजी सीझन टीमबरोबर फिरलेला, थर्ड क्लासच्या डब्यातून किट ओढलेला माणूस रेकॉर्डला शून्य मॅच असू शकतो. म्हणून 'यादीत नाही' म्हणजे 'खोटं' असं एकदम म्हणू नका.

तिसरी_स्लिप

मध्य प्रदेशची १९५०-५१ ते १९५६-५७ सगळी कार्डं पाहिली. रात्री दीड वाजला. नाही. आद्याक्षरं उलटी करून, स्पेलिंग फिरवून सगळं पाहिलं. आमच्या आडनावाचा एकही नाही.

खरं सांगू का, थोडं वाईट वाटलं. २०१७-१८ ला विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला, दिल्लीला हरवून, साठ वर्षांनी, तेव्हा ऑफिसात मी मिठाई वाटली होती आणि प्रत्येकाला सांगत होतो की आमचे आबाजी पण विदर्भाचे प्लेयर. गुरबानीची हॅट्ट्रिक बघताना डोळ्यात पाणी आलं होतं, म्हटलं आबाजी असते तर. नंतर २०१८-१९ ला पुन्हा, मग २०२४-२५ ला पुन्हा. तिन्ही वेळा स्टेटस ठेवलं. आता ते स्टेटस कोणाकोणाच्या लक्षात असेल देव जाणे.

अंबाझरी_वॉकर

मला एक कळत नाही, हे सगळं कशासाठी? नव्वद वर्षांच्या बाईचा वाढदिवस आहे, 'रणजीपटू' छापलं तर बीसीसीआय केस करणार आहे का? माणूस गेला, गोष्ट राहिली, राहू द्या ना. तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. उद्या म्हणाल पणजी खरंच गोरी होती का.

सीताबर्डीची_सून

@अंबाझरी_वॉकर, तसं नाही ना हो. तो तेरा वर्षांचा मुलगा आता त्या टेबलावर बसून खोटा ठरलाय, आणि मोठे आजोबा रागावून गेलेत. पुस्तकात तेच छापलं तर तो पोरगा काय शिकेल, की मोठ्यांच्या समोर खरं बोललं की प्लेट आपटते.

आमच्याकडे सासऱ्यांच्या काकांची अशीच हॉकीची गोष्ट होती, भारताकडून खेळले वगैरे. शेवटी निघालं की कामठीच्या एका क्लबाकडून खेळत आणि टीम जबलपूरला जाऊन आली होती. पण त्या जबलपूरच्या प्रवासाचं एक पत्र सापडलं, घरी पैसे पाठवा म्हणून, कारण बूट चोरीला गेले होते. ते पत्र आता फ्रेम करून लावलंय. भारताकडून खेळलेल्या माणसाची एकही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती, बूट चोरीला गेलेल्या माणसाच्या चार माहीत झाल्या.

तिसरी_स्लिप, त्या फोटोच्या पुठ्ठ्याकडे परत बघा. कसर लागली म्हणजे सगळं गेलं असं नसतं. काय काय अक्षरं उरलीत?

निवृत्त_लेखापाल

बेटा, मी एजी ऑफिसातच ३४ वर्षं काढली, तुझ्या आबाजींच्या नंतरच्या बॅचचा, तेव्हा दोन शब्द.

घरचे 'क्रिकेटमुळे नोकरी लागली' असं म्हणत असतील तर ते अगदी शक्य आहे, पण त्याचा अर्थ आजच्यासारखा काढू नको. आज पोरगं आयपीएलमध्ये गेलं की कोटीत बोलतात. त्या काळी खेळाचे पैसे असे नव्हतेच. रणजीवाल्यालाही प्रवासखर्च आणि किरकोळ भत्ता, त्यात तो लाँड्रीचे पैसे देऊन घरी यायचा. खेळाचं फळ म्हणजे पक्की नोकरी. रेल्वे, बँक, गिरणी, सरकारी ऑफिस. आमच्याकडे सुद्धा खेळणाऱ्याला मान होता, संध्याकाळी चार वाजता 'ग्राउंडवर जातो' म्हणालं की सुपरिटेंडंट मान वर करत नसे. मोठ्या स्पर्धेसाठी स्पेशल कॅज्युअल लीव्ह मिळे, वर्षाला तीस दिवसांपर्यंत. ऑफिसच्या मॅचेस तर पोस्ट, रेल्वे, सेक्रेटरिएट यांच्याशी कायम, आणि त्यात भांडणं इंडिया-पाकिस्तानसारखी.

त्या लीव्हची रजिस्टरं आता कुणी ठेवली नसतील. पण एक गोष्ट बघ. आमच्या पिढीचा माणूस नोकरीचा अर्ज टाइप करून घ्यायचा तेव्हा खाली कार्बन घालून एक कॉपी स्वतःकडे ठेवायचा, आणि ती मरेपर्यंत फेकायचा नाही. अर्जात शेवटी एक्स्ट्रा-करिक्युलर म्हणून खेळाचं सगळं लिहायचं असे. आणि तिथे फेकाफेकी चालत नसे, कारण सर्टिफिकेटं मूळ दाखवावी लागत. ट्रंकेत कागद असतील ते बघ. ब्लेझरच्या खाली, पेपर अंथरलेला असतो ना, त्याच्याही खाली.

तर्रीबाज

लेखापाल काका, एक नंबर. 'त्याच्याही खाली.' एजी ऑफिसचा माणूस ऑडिट करते तं असं करते.

तिसरी_स्लिप

काका, धन्यवाद. ट्रंक मोठ्या बाबांच्या ताब्यात आहे आणि मोठे बाबा माझा फोन उचलत नाहीत 😐 चुलतभावाला लावतो कामाला.

फोटो माझ्याकडेच आहे. आज भिंग घेऊन बसलो. ताई, तुम्ही म्हणता तसंच आहे, ओळ पूर्ण गेली नाही. इंग्रजी छापील अक्षरं, सगळी मोठी. सुरुवातीला 'आर' हे अक्षर, एकदम स्पष्ट. मग कसरीनं खाल्लेलं, पांढरा पुठ्ठा दिसतो, कडेला पिवळट. मग 'ट्रॉफी' हा शब्द पूर्ण. मग '१९५३-५४'. 'आर'च्याही आधी, ओळीच्या एकदम सुरुवातीला, आणखी एक-दोन शब्द असावेत पण तिथला पुठ्ठाच तुटून गेलाय.

म्हणजे 'आर... ट्रॉफी, १९५३-५४'. आता सांगा, रणजी ट्रॉफीच झाली ना? मी उगाच अर्धी रात्र स्कोअरकार्डं बघितली का?

स्कोअरबुक

थांबा थांबा थांबा. 'आर' आणि 'ट्रॉफी' यांच्या मधलं भोक किती लांब आहे? पट्टीनं मोजा. आणि 'ट्रॉफी' हा सहा अक्षरांचा इंग्रजी शब्द किती लांब आहे तेही मोजा.

तिसरी_स्लिप

'ट्रॉफी' २.४ सेंटीमीटर. भोक, म्हणजे 'आर' संपतो तिथून 'ट्रॉफी'चा टी सुरू होतो तिथपर्यंत, साडेपाचला थोडं कमी. का?

स्कोअरबुक

सहा अक्षरं २.४ मध्ये, म्हणजे एक अक्षर ४ मिलिमीटर. 'रणजी' इंग्रजीत लिहिलं तर 'आर'नंतर चार अक्षरं आणि एक मोकळी जागा, पाच घरं, २ सेंटीमीटर. तुमचं भोक त्याच्या अडीचपटीहून मोठं आहे. रणजी त्या भोकात घातला तर पँट ढगळ होईल.

आता 'रोहिंटन बारिया' घाला. 'आर'नंतर सहा नाही, सात अक्षरं, एक जागा, मग पाच, मग परत एक जागा. चौदा घरं, ५.६ सेंटीमीटर, त्यात दोन 'आय' बारीक, म्हणजे थोडं कमी.

साडेपाचला थोडं कमी! मी खुर्चीतून उठून उभा राहिलोय.

पुण्यातला_वऱ्हाडी

रोहिंटन बारिया म्हणजे युनिव्हर्सिटीवाली ना?

स्कोअरबुक

होय. आंतरविद्यापीठ क्रिकेटची ट्रॉफी, १९३५-३६ पासून. आज कुणाला फारशी आठवत नाही पण त्या काळी रणजीत जायचा दरवाजा तोच होता, आणि कॉलेजच्या पोरांसाठी लय मोठी गोष्ट, दुसऱ्या गावी जाऊन मॅटिंगवर मॅच, कधी कधी पेपरात नाव. आबाजी १९५३-५४ ला वीस वर्षांचे, कॉलेजात. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. ओळीच्या सुरुवातीला जे शब्द तुटलेत तिथं 'नागपूर युनिव्हर्सिटी' बसतं का बघा. आणि ब्लेझर विद्यापीठाचा असेल, बिल्ला बहुतेक परत द्यायचा असेल म्हणून उसवला.

शेवटचं वाक्य अंदाज आहे, मोजलेलं नाही.

सीताबर्डीची_सून

बिल्ला परत दिला असेल असं नाही, आमच्याकडे तर ब्लेझरचे बिल्ले काढून पोरींच्या फ्रॉकला लावायचे. सांगता येत नाही.

अंबाझरी_वॉकर

हे भोक मोजणं मात्र आवडलं. विरोध मागे घेतो असं समजू नका.

तिसरी_स्लिप

मंडळी, मोठ्ठा अपडेट. जरा नीट लिहितो, सगळं एकदम झालं.

चुलतभावानं ट्रंक उघडली. मोठे बाबा तिथेच सोफ्यावर पेपर धरून बसले होते, वाचत नव्हते. ब्लेझर काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास अख्ख्या हॉलमध्ये. खाली हितवादचा पेपर अंथरलेला, तो उचलला. त्याच्याही खाली (काका, तुमच्या पाया पडतो) एक खाकी पाकीट. त्यात मॅट्रिकचं सर्टिफिकेट, एक रेशनकार्ड, आणि टाइप केलेल्या अर्जाची कार्बन कॉपी, निळी, एवढी पुसट की खिडकीपाशी धरावी लागते. १९५५ ची. आता शेवटचा पॅरा भावानं फोटो काढून पाठवलाय, त्याचं मराठी असं होईल: मी १९५३-५४ साली रोहिंटन बारिया स्पर्धेत नागपूर विद्यापीठाच्या संघात होतो, एका सामन्यात खेळलो आणि एका सामन्यात राखीव खेळाडू होतो, त्याचं प्रमाणपत्र सोबत जोडत आहे.

बस एवढंच. एक सामना. एकात राखीव. विकेट किती, रन किती, काही नाही.

मी हे तीन-चारदा वाचलं. नोकरीसाठीचा अर्ज आहे, बावीस वर्षांचा पोरगा, घरी चार भावंडं, आणि 'राखीव होतो' हे सुद्धा लिहिलंय. मी असतो तर 'दोन सामने' लिहून मोकळा झालो असतो, कोण बघतंय.

भाऊ सांगतो की मोठ्या बाबांनी तो कागद हातात घेतला, चष्मा पुसला, वाचला, आणि एवढंच म्हणाले, "मग नायडूचं काय?"

निवृत्त_लेखापाल

वा. व्वा. बेटा, ते राखीव लिहिलंय ना, ते नसतं लिहिलं तर प्रमाणपत्राशी जुळलं नसतं हेही खरं. पण लिहिलंय. मला हा माणूस माहीत असायला हवा होता, चेहरा डोळ्यासमोर येऊन राहिला आहे पण नक्की सांगत नाही.

तो कार्बन लॅमिनेट करू नकोस. उष्णतेनं अक्षरं जातात. झेरॉक्स काढ आणि मूळ प्लास्टिकच्या फोल्डरात सपाट ठेव.

तर्रीबाज

मग नायडूचं काय?

पुण्यातला_वऱ्हाडी

मग नायडूचं काय?

तिसरी_स्लिप

सांगतो. अकोल्याहून आत्या आली शनिवारी. ती सगळ्यात मोठी, १९५९ ची, आम्हाला वाटलं तिला गोष्ट सगळ्यात चांगली माहीत असणार कारण तीच सगळ्यात रंगवून सांगते. जेवणं झाली, मोठे बाबा पण आले होते (पोट्ट्यासाठी बर्फी घेऊन, बोलले काही नाहीत, बर्फी दिली). भावानं कागद दाखवला, मी फोटो आणि पट्टी दाखवली, भोक मोजून दाखवलं.

आत्या गप्प. सुपारी कातरत होती, अडकित्ता थांबला. मग म्हणाली, "ते माझं आहे."

झालं असं होतं. १९६९ च्या ऑक्टोबरात नागपूरला पहिल्यांदा टेस्ट मॅच झाली, व्हीसीएच्या (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) सिव्हिल लाइन्सच्या ग्राउंडवर, न्यूझीलंडविरुद्ध. आपण १६७ रननी हरलो, पण गावभर दुसरा विषय नव्हता, ट्रान्झिस्टर, पानठेले, सगळीकडे तेच. आत्या तेव्हा पाचवीत. मॅचनंतर शाळेत निबंध आला, 'माझे वडील'. वर्गातल्या एका मुलीचे वडील टेस्टच्या बंदोबस्ताला होते, दुसरीच्या काकांनी पतौडीला जवळून पाहिलं होतं. आमच्या आत्याचे वडील एजी ऑफिसात क्लार्क. समोरच्या खोलीत तो फोटो टांगलेला, तेव्हाच त्याला कसर लागलेली, 'आर... ट्रॉफी'. तिनं ते रणजी वाचलं, त्यात तिचा दोष नाही, पुढची पन्नासेक वर्षं सगळ्यांनीच तसं वाचलं. आणि आबाजी ऑफिसच्या मॅचमधल्या कुण्या नायडूबद्दल सांगायचे, रेल्वेकडून खेळायचा, कामठीकडचा, आउटच होत नसे, त्याला एकदा आबाजींनी बोल्ड काढला होता. आत्यानं त्या नायडूला 'सी. के.' लावलं. म्हणे, "नागपुरात नायडू म्हटलं की दुसरं कोण येतं डोळ्यासमोर?" सी. के. दोन वर्षांपूर्वीच, १९६७ ला, इंदूरला गेले होते, खंडन करायला कुणी नव्हतं.

निबंध बाईंनी वर्गात वाचून दाखवला. मग हेडबाईंनी प्रार्थनेला वाचून दाखवला. मग तो परत घेणं शक्य नव्हतं. घरी भावांनी, म्हणजे मोठे बाबा आणि माझे बाबा, गल्लीत सांगितलं, गल्लीनं महालात, आणि तिथून आमच्यापर्यंत.

मोठे बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. बहिणीकडे बोट दाखवून म्हणत होते, "मी पन्नास वर्षं याच्यावर भांडलो गं लोकांशी, पन्नास वर्षं!"

स्कोअरबुक

रेल्वेचा नायडू. म्हणजे नायडू पण खरा, बोल्ड पण खरा. फक्त आद्याक्षरं चुकली. मी म्हटलं होतं ना आद्याक्षरं कायम चुकतात.

सीताबर्डीची_सून

मग पुस्तकात काय छापताय?

तिसरी_स्लिप

'नागपूर विद्यापीठ संघ, रोहिंटन बारिया ट्रॉफी, १९५३-५४'. खाली अर्जाचा तो पॅरा, फोटो काढून, जसाच्या तसा. पोट्ट्यानं स्वतः कॅप्शन टाइप केलं, पणजोबांच्या नावापुढे कंसात 'राखीव' पण लिहीत होता, मोठ्या बाबांनी त्याचा कान धरला. 'राखीव' अर्जात आहे तेवढं पुरे असं ठरलं. आणि सोमवारी विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन त्या सालचा अहवाल मिळतो का बघणार आहे, स्कोअरबुक, तुम्हाला यायचं असेल तर या, साडेदहाला गेटवर, चहा माझ्याकडून.

आत्या म्हणते निबंधाचं पुस्तकात नको, पण वाढदिवसाला मी उभी राहून म्हणून दाखवते, तिला अजून पाठ आहे.

स्कोअरबुक

सोमवारी सुट्टी टाकली आहे.

तर्रीबाज

आत्याबाईले मार्क किती भेटले होते ते विचारा ना भाऊ.

तिसरी_स्लिप

विचारलं. दहापैकी आठ.

तर्रीबाज

सी. के. ले बोल्ड करून आठच? दोन कायचे कापले?

तिसरी_स्लिप

शुद्धलेखनाचे. तिनं सगळीकडे 'नायडु' लिहिलं होतं, डु ऱ्हस्व. वही घरी सहीला आली तेव्हा आबाजींनी पूर्ण निबंध वाचला, पेननं प्रत्येक डु दीर्घ करून दिला, आणि खाली सही केली.